जुनी मारुती ८०० घेताना : आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी

गॅरेजवाल्या बांधवांकडे हल्ली एक वेगळाच ग्राहक येऊ लागला आहे. त्याच्या दारात नवी गाडी उभी असते, तरीही त्याला मारुती ८०० हवी असते. कधी वडिलांनी घेतलेली आणि अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलेली तीच गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असते, तर कधी तशीच दुसरी शोधून हवी असते. दुसरीकडे छोटा व्यापारी आहे. त्याला थोड्या पैशांत मिळणारी, बाजारपेठेच्या गल्लीबोळांतून निघणारी आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी गाडी पाहिजे असते. या दोघांचीही फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. ते बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, रंगाची चमक पाहतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. वास्तविक या गाडीत इंजिन ही सर्वांत स्वस्तात सुधारणारी वस्तू आहे. महाग पडतो तो कुजलेला पत्रा, आणि त्याहूनही महाग पडतात अपुरे कागद.

हा लेख गाडी घेणाऱ्यासाठी आहे, तसाच ती दुरुस्त करणारे डेंटर, पेंटर, वायरमन आणि कुशनवाले यांच्यासाठीही आहे. ग्राहक चुकला तर त्याचे एकदाच नुकसान होते. कारागिराचा अंदाज चुकला तर गाडी सहा महिने त्याच्या जागेत अडकून पडते आणि मजुरी बुडते.

कोणत्या सालची गाडी?

भारत सरकार आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्यात १९८२ मध्ये करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. या तीस वर्षांत एकट्या भारतात २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे मालाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो चांगल्या मालाचा.

१९८३ ते १९८६ या काळातली पहिली घडण वेगळी होती. तिची काच, दारे, दिवे पुढच्या गाड्यांना बसत नाहीत. हौशी लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. पण तिचा एखादा दिवा फुटला तर तो शोधत महिनोन्‌महिने फिरावे लागते. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी गाडी हवी असेल तर या घडणीच्या नादी लागू नये. १९८६ मध्ये नवी घडण आली आणि तिचा मूळ सांगाडा शेवटपर्यंत चालला. १९९७ मध्ये पुढचा चेहरा गोलसर झाला. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनचे इंजिन आले. खेड्यापाड्यात वापरायची असेल तर कार्ब्युरेटरची गाडी कोणत्याही मिस्त्रीला उघडता येते. शहरात पीयूसीची अडचण नको असेल तर इंजेक्शनची बरी.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांच्यासह देशातील १३ शहरांत भारत स्टेज ४ हे धुराचे निकष लागू झाले. मारुती ८०० त्यात बसत नसल्यामुळे त्या शहरांत तिची विक्री बंद झाली. म्हणून २०१२ सालची ८०० आणि नंबर मात्र पुण्याचा किंवा मुंबईचा, असा प्रकार दिसला तर गाडी मूळ कुठे नोंदली होती हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उत्तर सरळ असू शकते; पण ते कागदावर दिसले पाहिजे.

पत्र्याची परीक्षा

ही गाडी हलकी आहे. तिचे सारे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. पत्रा पातळ आहे आणि वेगळी चेसिस नाही. गाडीचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. जीपचा किंवा ट्रकचा वरचा पत्रा सडला तर खालची चेसिस तग धरते. इथे खालचा पत्रा सडला की चाके ज्याला धरून आहेत तोच भाग कमजोर होतो. म्हणून गंज हा या गाडीत दिसण्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

गाडी पाहायला सकाळच्या उजेडात जावे. संध्याकाळी दिव्याखाली किंवा पावसात भिजलेली गाडी कधीही पसंत करू नये; ओला रंग सगळे ऐब झाकतो. सोबत एक छोटे लोहचुंबक, ते गुंडाळायला मऊ कापड, टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला पोते न्यावे. कापडात गुंडाळलेले चुंबक दाराच्या खालच्या कडेवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, हेडलाइटच्या खालच्या भागात फिरवावे. जिथे ते पकड सोडते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पंजाएवढ्या जागेत चुंबक चिकटतच नसेल, तर खाली भोक आहे आणि त्यावर जाळी किंवा कापड लावून वर पुट्टी थापली आहे असे समजावे.

नंतर आतले मॅटिंग उचलावे. विकणारा नको म्हणाला तर तिथेच सलाम करून निघावे. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि दारांखालचा उंबरठ्यासारखा पत्रा ही या गाडीची नाजूक ठिकाणे आहेत. बॅटरीतून सांडलेले आम्ल वर्षानुवर्षे खालचा पत्रा खात असते. काचेचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी आत झिरपते आणि मॅटिंगखालचा नमदा ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो. वरून कोरडी दिसणारी गाडी खालून ओली असते ती अशी. मॅटिंगला कुबट वास येत असेल तर बाकी तपासणीची गरजच नाही.

शेवटी बॉनेट उघडून दोन्ही बाजूंना शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बोल्टने बसतात ती जागा पाहावी. तिथे भेगा, जाड वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर गाडी ठोकलेली तरी आहे किंवा सडलेली तरी. अशी गाडी फुकट मिळाली तरी ती सुट्या भागांसाठीच घ्यावी.

गाडी कुठे राहिली यालाही महत्त्व आहे. रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ उघड्यावर राहिलेल्या गाडीला खारी हवा लागलेली असते. सोलापूर, लातूर, बीडकडच्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, कुशन फाटलेले असेल. पण पत्रा कोरडा असतो. उडालेला रंग आणि फाटलेले कुशन हे कारागिराचे आठ दिवसांचे काम आहे. म्हणून ओबडधोबड पण कोरडी गाडी ही चकचकीत किनारी गाडीपेक्षा केव्हाही सरस.

देशातली पहिली मारुतीही यातून सुटली नाही. हरपाल सिंग यांनी ती २०१० मध्ये निधन होईपर्यंत सांभाळली. पुढे ती घराबाहेर उभी राहून गंजत गेली. नंतर कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात मांडली. इतिहासात नाव असलेल्या गाडीची ही गत, तर सोसायटीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गाडीची काय कथा!

कागदांचा हिशोब

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून, २५ नंबरचा फॉर्म भरून नूतनीकरण करावे लागते. हा अर्ज मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांत करता येतो. १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपून गेली असेल तर विलंब शुल्क महिन्यागणिक चढते. हे दर पुन्हा बदलू शकतात, म्हणून सौदा करण्यापूर्वी आरटीओत किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आजचा आकडा पाहून घ्यावा. शेवटची, म्हणजे २०१४ सालची गाडीही २०२९ मध्ये या फेऱ्यात येते.

समजा, १९९८ सालची गाडी कोणी ४० हजारांना देऊ करत आहे आणि तिची नोंदणी तीन वर्षांपूर्वी संपली आहे. नूतनीकरणाचे १० हजार, वर विलंब शुल्क, पर्यावरण कर, विमा, उच्च सुरक्षा नंबर प्लेट, चार टायर आणि बॅटरी हे सगळे जोडले, तर गाडीला हात लावण्यापूर्वीच खर्च तिच्या किमतीला टेकतो. मग ४० हजार हा भाव स्वस्त राहत नाही. ही बेरीज विकणाऱ्यासमोर बसून, कागदावर करावी. भाव उतरवण्याचे याहून चांगले साधन नाही, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून आर.सी. बुकाशी ताडून पाहावेत. पेन्सिलने कागदावर त्याची छाप घ्यावी म्हणजे अक्षर खोडलेले असेल तर लगेच कळते. या गाडीत हा मुद्दा फार मोठा आहे. मारुती ओम्नीमध्येही तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे ओम्नीचे इंजिन उचलून ८०० मध्ये बसवण्याचे प्रकार सर्रास झालेले आहेत. गाडी उत्तम चालते. पण इंजिन नंबर जुळत नाही आणि नूतनीकरणाच्या दिवशी निरीक्षक ती परत पाठवतो. बदललेल्या इंजिनाचे खरेदी बिल आणि आर.सी. वर त्याची नोंद नसेल तर तो व्यवहार करू नये. इंजिन कोठून आले हे सांगता आले नाही, तर चोरीचा माल बाळगल्याची चौकशी शेवटच्या मालकाच्या गळ्यात पडते.

जुन्या आर.सी. पुस्तकांची माहिती अनेकदा संगणकावर चढलेली नसते. ती आधी मूळ आरटीओतून चढवून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. ही धावपळ विकणाऱ्याने करावी असे आधीच ठरवावे. बँकेचा बोजा आर.सी. वर दिसत असेल तर कर्ज फिटले असले तरी बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. गाडी दुसऱ्या राज्यातून येत असेल तर ना हरकत दाखला, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर असा तिहेरी खर्च आहे. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या स्वस्त का आहेत हे त्यांचे कागद हातात घेतल्यावर कळते.

वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर ती करावी. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म आहे. भावाबहिणींची लेखी संमती घेतल्याशिवाय अशा गाडीवर कोणत्याही कारागिराने मोठा खर्च सुरू करू नये. काम अर्धे झाल्यावर दुसरा भाऊ येऊन गाडी मागतो, असे घडते.

विकणाऱ्यासाठीही दोन शब्द. टी.टी. फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या देऊन गाडी सोडून देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक. गाडी तीन हात फिरली असली तरी नोटीस पहिल्याच्याच घरी येते. नाव बदलल्याचा कागद पाहिल्याशिवाय विकणारा मोकळा होत नाही.

इंजिन

इंजिन थंड असताना पाहावे. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवली असेल तर तासाभराने परत यावे. सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्हची सील गेली आहेत. हे काम लहान आहे. ॲक्सिलरेटर दाबत असताना निळा धूर येत राहिला तर रिंगा आणि बोअरचे काम आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ चालूच राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेले आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली तर आणखी विचारायला नको. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. एकदा जास्त तापले की ते वाकते आणि खराद्याकडे नेऊन सपाट करावे लागते.

आपल्या मिस्त्रींची एक सवय मात्र सोडण्यासारखी आहे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. त्याने काटा खाली येतो हे खरे, पण इंजिन योग्य उष्णतेला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि मूळ दोष, म्हणजे रेडिएटरमधला गाळ, तसाच राहतो. पाणी वाहते ठेवून रेडिएटर साफ करावा, कुलंट भरावे, नवा थर्मोस्टॅट बसवावा.

चाक पूर्ण वळवून हळू गोल फिरवावे. पुढून टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट संपला आहे. गिअर दुसऱ्यात टाकताना करकर आवाज येतो का ते पाहावे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला हे बिलावर लिहिलेले नसेल, तर विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न जाता तो बदलूनच टाकावा. बाकी इंजिनात रात्रीची झोप उडावी असे काही नाही. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत विनासायास मिळतात.

इंधनाची गोष्ट मात्र नवी आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. ही गाडी बनली तेव्हा तिचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरचा डायफ्राम आणि गॅसकेट त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. जुने रबर फुगते, मऊ पडते आणि मग तडकते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीत तळाशी गंज धरतो आणि तोच गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचे सर्व रबरी पाइप आणि क्लिपा नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. हे काम दोनतीन तासांचे आहे. न केल्यास गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याची भीती असते. कार्ब्युरेटरची गाडी नव्या पेट्रोलवर झटके देत असेल तर मिश्रणाचा स्क्रू किंचित सोडून ट्यूनिंग करावे लागते, कारण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते.

कामाचा क्रम

ग्राहकाला आधी रंग हवा असतो. उस्तादाने त्याला समजावून सांगावे, की रंग शेवटून दुसरा आणि कुशन शेवटचे. पहिले काम ब्रेकचे. जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरावे, चाकातले सिलिंडर आणि रबरी होज बदलावेत. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार अंक वाचावेत. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नवा दिसत असला तरी तो दगड झालेला असतो. बारा इंची टायर अजून मिळतात, त्यात कंजुषी नको.

मग पत्रा. इथे कारागिराची खरी परीक्षा आहे. सडलेल्या भागावर नवा तुकडा चिकटवू नये. चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापून काढावा आणि तितक्याच जाडीचा तुकडा काठाला काठ लावून बसवावा. गॅस वेल्डिंगने हा पातळ पत्रा तापून लाटांसारखा वाकतो. मिग वेल्डिंगने लांब रेघ न ओढता, थांबून थांबून टाके द्यावेत. नंतर प्रायमर, जोडावर सीलर आणि आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. पोकळीत फवारा मारला नाही तर बाहेरून केलेले काम दोन पावसाळ्यांत आतून फुटून येते. गंज न काढता वरून डांबरासारखा काळा लेप देणे ही तर फसवणूकच. त्या लेपाखाली पाणी अडकते आणि गंज दुप्पट वेगाने वाढतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी, मॅटिंग आणि सीटा काढाव्यात आणि मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दुकानाबाहेर दूर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. टाकीला झाळ लावण्याचे काम तर कधीही घाईने करू नये. थोड्या मजुरीसाठी हात आणि चेहरे भाजून घेतलेले कारागीर प्रत्येक शहरात आहेत.

दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी छोटी भोके असतात. रंगवताना ती पुट्टीने बुजतात, किंवा मातीने आधीच बुजलेली असतात. तारेने ती मोकळी करावीत. पाच मिनिटांचे काम आहे, पण दार वाचते.

रंग शक्यतो मूळचाच द्यावा. वेगळा दिला तर आर.सी. वर त्याची नोंद करून घ्यावी लागते. मोठ्या चाकांचे, काळ्या काचांचे, झगमगत्या दिव्यांचे वेड या गाडीला शोभत नाही आणि हौशी गिऱ्हाईक अशा गाडीला कमी भाव देते. मूळचे व्हील कप, मूळची घड्याळे, मूळचे कुशनचे कापड मिळत असेल तर तेच वापरावे. कुशनवाल्याने जुने कव्हर उसवून त्याचाच नमुना धरून नवे शिवले, तर बसणारा माणूस फरक ओळखत नाही. काढलेले जुने भाग फेकू नयेत. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून मालकाच्या स्वाधीन करावेत.

भाव कसा सांगावा

पत्रा उघडण्यापूर्वी पूर्ण गाडीचा एकरकमी भाव सांगणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा तोटा आहे. दोन इंचाचा फोड दिसतो, तो उघडला की हातभर भोक निघते. ग्राहक म्हणतो, तुम्हीच तर भाव सांगितला होता. मग कारागीर एकतर पदरचे पैसे घालतो किंवा भोकावर पुट्टी मारतो. दोन्हीत त्याचेच नाव जाते.

म्हणून गाडी उघडून पाहण्याची मजुरी वेगळी घ्यावी, ती ठरावीक असावी. मॅटिंग, सीटा, खालचा लेप काढल्यावर ग्राहकाला बोलावून सडका पत्रा दाखवावा, मोबाइलवर फोटो काढावेत आणि मगच डेंटिंगचा अंदाज द्यावा. रंगाचा भाव डेंटिंग संपल्यावर. प्रत्येक टप्प्याला आगाऊ रक्कम आणि प्रत्येक टप्प्याची साधी लेखी नोंद, दोघांच्या सहीची. गाडी आली तेव्हा तिच्यात काय काय होते याची यादीही त्याच कागदावर लिहावी. जुन्या गाडीचा मालक आठ महिन्यांनंतर एका छोट्या बटणासाठी भांडतो, आणि त्या बटणाशी त्याच्या वडिलांची आठवण जोडलेली असते. त्याला दोष देऊन चालत नाही.

गाडी तयार करून विकण्याचा धंदा करणाऱ्यांनी ऐब सांगून सौदा करावा. कोणता पत्रा नवा घातला, कोणता तसाच आहे, इंजिन केव्हा उघडले, हे लिहून फोटोंसह गिऱ्हाइकाच्या हाती दिले तर भाव कमी होत नाही, वाढतो. हौशी गिऱ्हाईक एकमेकांच्या ओळखीचे असतात. एकाला दिलेला खरा हिशोब दुसऱ्याला दुकानापर्यंत आणतो.

काही जण सध्या गाडी घेऊन पुढे ती विंटेज म्हणून विकण्याचे स्वप्न पाहतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज दर्जासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. पहिली मारुती १९८३ च्या डिसेंबरची, म्हणजे २०३३ पर्यंत एकही ८०० त्यात बसत नाही. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. त्या आशेवर पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

तयार झालेली गाडी उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. नुसते जागेवर इंजिन चालू ठेवल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि तो आतून सडतो. लांब मुदतीसाठी ठेवायचीच असेल तर बॅटरीची वायर सोडावी, हँडब्रेक न लावता चाकाला ठोकळे द्यावेत आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री न घालता हवा खेळेल असे सुती कव्हर घालावे.